मेव्हण्याचं जर्मन

माझ्या बायकोच्या आतेभावाइतकं बिनदिक्कत खोटं बोलणारा आणि तरीही सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरा नसेल. मेलबर्नच्या पॉइंट कुक भागात तो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे लॉकडाऊनच्या पाच किलोमीटरच्या मर्यादेतही माझी त्याच्यापासून सुटका नव्हती. माझी कोथिंबीर इथल्या थंडीत माना टाकते, त्याची गुडघ्याला लागते. शेजारचा गोरा म्हातारा मला बघून नुसती मान हलवतो, याला मात्र 'मेट, मेट' करत कुंपणावरून पिशवीभर लिंबं देतो. माझी मुलगी माझा विनोद शेवटपर्यंत ऐकून घेते आणि मग म्हणते, "मामा टेल्स इट बेटर." जळतो का मी त्याच्यावर? जळतो. चांगला धूर निघेपर्यंत जळतो.

त्यात त्याचं जर्मन. पुण्यात इंजिनियर झालेल्या प्रत्येकाने जर्मन शिकायचं आणि मग ऑस्ट्रेलियात घर घ्यायचं, अशी आमच्या वेळी रीतच होती. आम्ही दोघं एकाच क्लासला होतो. मी तीन परीक्षा दिल्या, तिन्ही पास झालो. हा पहिल्या परीक्षेतच गटांगळ्या खाऊन बाहेर पडला. पण जगात जर्मनचा जाणकार कोण, तर हा. एकदा समुद्रावर खरं जर्मन जोडपं भेटलं. हा त्यांच्याशी काय बरळला देव जाणे, ती दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि याला मिठी मारून गेली. त्याआधी मी त्यांच्याशी चतुर्थी विभक्तीसकट अगदी शुद्ध बोललो होतो, तर त्यांनी मला इंग्रजीत उत्तर दिलं.

कोविडच्या जरा आधी आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. बाबा आले नाहीत. एवढा वेळ विमानात बसणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. "तीन महिन्यांचं काय, डब्यावर काढीन," म्हणाले. मग सीमा बंद झाल्या, विमानं बंद झाली, आणि आई इकडे नि बाबा तिकडे अशी ताटातूट झाली. आई रोज फोनवर त्यांना डब्यात काय होतं ते विचारायची आणि फोन ठेवला की खिडकीशी जाऊन बसायची. तिचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी तिला जे खरं ते सांगत होतो. फ्लाइट रद्द झाली, पुढचीही झाली, आता कधी ते कोणालाच माहीत नाही. दुसरं काय सांगणार?

अशात मेव्हण्याने जाहीर केलं, की आपल्याकडे अडकलेल्या सगळ्या आईबाबांना तो दर रविवारी दुपारी झूमवर एक जर्मन सिनेमा दाखवणार, थोडा थोडा. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला ती डीव्हीडी सापडली होती. ऐन महायुद्धात जर्मनीने काढलेला गाण्यांचा सिनेमा, खाली इंग्रजी अक्षरंसुद्धा नाहीत. बंदरातल्या गुत्त्यात गाणारा एक उतारवयाचा खलाशी, त्याचा जीव एका पोरीवर, पोरीचा दुसऱ्यावर, आणि शेवटी हा बोटीवर चढून निघून जातो, एवढीच गोष्ट. पहिल्या रविवारी त्याने त्या सिनेमाचा इतिहास सांगितला आणि तो, मान्य करतो, खरा होता. त्यांच्याच सरकारने तो त्यांच्याच देशात दाखवू दिला नव्हता. आपले खलाशी दारू पितात, मारामाऱ्या करतात, पोरींसाठी उसासे टाकतात, हे लढाई चालू असताना दाखवायचं म्हणजे आरमाराची अब्रूच गेली, असं वरच्यांचं म्हणणं पडलं. युद्ध संपेपर्यंत बिचारा सिनेमा परदेशातच राहिला.

त्या सेन्सॉरला यथेच्छ नावं ठेवून झाल्यावर मेव्हण्याने स्वतः कात्री हातात घेतली. लॅपटॉप टीव्हीसमोर ठेवायचा आणि बाजूला उभं राहून मराठीत सांगत सुटायचं, ही त्याची पद्धत. बिअरच्या फेसाळ मगाचं त्याने ताक केलं. गुत्त्याची खानावळ झाली. पोरीला आधी कोणी फसवलं होतं, तर तिचा साखरपुडा मोडला. चुंबन आलं की हा पडद्यापुढे पोळपाट धरायचा, आणि मग झूमच्या चौकटीतली एखादी काकू म्हणायची, "अरे, बाजूला घे ते, आम्हाला काय पोरंबाळं नाहीत?" आई तोंडाला पदर लावून हसायची. माझी आई! शनिवारपासूनच रविवारी कुठली साडी नेसायची ते काढून ठेवायची. मी एकदा सोफ्यामागून म्हटलं, "आई, तो असं म्हणालेला नाही." तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू गप रे जरा, ऐकू दे."

मग मीही ठरवलं. शेवटच्या रविवारी मीटिंगमध्ये जायचं, अनम्यूट करायचं आणि सगळ्यांसमोर अस्सल भाषांतर ऐकवायचं. दूध का दूध, पानी का पानी. त्यासाठी क्रियापदांची उजळणीसुद्धा केली.

तो रविवार आला. आई हॉलमध्ये टीव्हीपुढे, मी किचनमध्ये फोन घेऊन तयारीत. खलाशी बंदराकडे निघाला आणि मेव्हण्याची गाडी पहिल्यांदाच अडखळली. तेवढ्यात माझ्या फोनवर त्याचा मेसेज आला, "पुढे बोट सुटते. तुझ्या आई समोर बसल्यात. काय सांगू? सुचत नाहीये. तुझं जर्मन पक्कं आहे, तू सांग."

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा कबूल केलं होतं. मी लिहिलं, "तो कायमचा चालला आहे." पाठवणार तर हॉलमध्ये नजर गेली. आई पुढे सरकून, हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी ते खोडलं. लिहिलं, "सांग, ही बोट नुसती चक्कर मारून आणतायत. बॅटरी उतरू नये म्हणून आपण गाडी फिरवतो ना, तशी. बंदर उघडलं की पहिली हीच सुटणार, घराकडे."

त्याने ते शब्दन् शब्द सांगितलं. टाळ्याच टाळ्या. आई किचनकडे वळून मला म्हणाली, "बघ, याला म्हणतात भाषा येणं."

पुढे विमानं सुरू झाली आणि आई पुण्याला गेली. आता रविवारी फोन करते, आणि आधी त्याची चौकशी करते. परवा म्हणाली, "ती बोट सुटली होती, ते काय मला दिसत नव्हतं? पण त्याने कशी थांबवली बघ. त्यानंतर मला जरा झोप लागायला लागली. असं सुचायला माणूस मायेचा लागतो."

"आई, ते..." मी म्हटलं.

पण मागून बाबा विचारत होते, कुठली बोट, कोण खलाशी. मला तसंच फोनवर ठेवून आई त्यांना गोष्ट सांगायला लागली. ताक, खानावळ, पोळपाट, सगळं अगदी मेव्हण्याच्या चालीत. मग बोटीपाशी आली. मी फोन कानाला लावून थांबलो.

"मग पोचला का घरी?" बाबांनी विचारलं.

"पोचला की," आई म्हणाली. "अहो, चहा निवतोय, घ्या आधी."