प्रफुल्ल काकांची नक्कल करायचा

गेल्या शनिवारी दिग्रसजवळच्या धरणावर तंबू ठोकायला गेलो होतो. मी, गजू... आणि या वेळी प्रफुल्लचे बाबा.

प्रफुल्ल आमचा शाळेपासूनचा मित्र. उन्हाळ्यात हार्ट अटॅकनं गेला, चाळिशीही गाठली नव्हती. दर हिवाळ्यात पाण्याकाठच्या सरकारी कॅम्पिंगच्या जागेवर एक रात्र काढायची, ही टूम त्याचीच. यंदा जायचं नाही, हे मी आणि गजूनं न बोलताच ठरवून टाकलं होतं.

आणि काकांचा फोन आला. "तुमी जाता नं थे तंबूत झोपाले... मले घेऊन जा एकडाव." मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर गजूवर चिडलो. त्याचा काही संबंध नव्हता, पण कुणावर तरी चिडायचं होतं.

कारण हे काका म्हणजे आमच्या कॅम्पिंगचे कट्टर विरोधक. चांगलं घर सोडून उघड्यावर झोपायला जाता, घरात काय ढेकणं झाली का, असं त्यांचं म्हणणं. पण हे ते प्रफुल्लला थेट कधी म्हणायचे नाहीत. बापलेकात भांडण असं नव्हतं... कधीतरी बोलणं आटलं आणि पुढे तीच सवय पडली. एका घरात राहून सगळा कारभार काकूंमार्फत. "सांग त्याले, असं कर. सांग त्याले, तसं नको करू." आणि तो तिथेच बुटाची लेस बांधत बसलेला असायचा.

तर काका आले. कानटोपी, स्वेटर, पिशवीत घरची चादर. चौकीदारानं आमची नेहमीची पळसाखालची जागा दाखवली. आम्ही तंबू उभा करेपर्यंत काका बाजूला उभे राहून बघत होते, आणि झाल्यावर प्रत्येक खुंटीला पायानं दाबून आले.

गजूनं गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायला लावले, मी वांग्याची भाजी केली. भाजीत मीठ जास्त झालं होतं, हे मलाच कळत होतं. काकांनी एक अक्षर काढलं नाही. ज्या माणसाला आयुष्यात कुणाच्या हातची भाजी पसंत पडली नाही, तो गुमान जेवतोय हे बघून मला जास्त वाईट वाटलं.

दिवस बुडाला होता. पाण्यावर थोडा उजेड शिल्लक होता. काकांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि पाण्याकडे बघतच विचारलं, "तुमी इतके वर्षं इथं येऊन राह्यले... तो माह्याबद्दल काई बोले का रे?"

खरं सांगायचं तर प्रफुल्ल वडिलांबद्दल कधीच काही बोलला नाही. तो फक्त त्यांची नक्कल करायचा. दरवर्षी, जेवण झाल्यावर, याच जागी. आणि आम्ही पोट धरून हसायचो.

आता हे मुलगा गेलेल्या बापाला कसं सांगायचं? आणि "नाही" म्हणावं, तर तेच उत्तर ऐकायला घाबरून हा माणूस इतके महिने बसला असणार, हे दिसत होतं. मी शब्द जुळवत होतो. पण गजूच्या तोंडात तीळ भिजत नाही. "नक्कल करे काका तुमची," म्हणाला.

काकांनी मान वळवली. "कशी?"

गजूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "याले येते."

त्याला तिथंच पाण्यात बुडवावंसं वाटलं मला. पण काका बघत होते. उठलो... प्रफुल्ल घ्यायचा तशी चादर खांद्यावर टाकली, दोन्ही हात पाठीमागे बांधले. दोनदा खाकरलो आणि कुणाकडेच न बघता तंबूच्या शेंड्याला म्हणालो,

"सांग त्याले, पाण्यात उतरू नको म्हणा. पोहता येत नाही, अन् चालले धरणावर. पांघरूण घेतलं का विचार त्याले. थंडी वाजली तं बापाले सांगू नको म्हणा. लय शायना लागून गेला!"

कुणीच हसलं नाही. काका हळूच म्हणाले, "पांघरुणाचं बी म्हणे तो?"

"हो काका. दरवर्षी."

"मले वाटे, त्याले आयकूच नाई जात... मी आपला भिताडाशीच बोलून राह्यलो."

मग म्हणाले, "अजून एकडाव कर."

मी पुन्हा केली. या वेळी 'शायना'वर काका हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मी तिसऱ्यांदा सुरू केली, पण पहिल्या वाक्यानंतर मला पुढचं म्हणता येईना. पुढचं काकांनी म्हटलं. बसल्या जागी, रुमाल हातात घेऊन, शेवटपर्यंत.

गजू उठून पाण्याकडे निघून गेला. मीही मान खाली घातली. खरा माणूस समोर बसून बोलत होता, आणि आम्हाला मात्र हुबेहूब प्रफुल्ल ऐकू येत होता. तो गेल्यापासून मी पहिल्यांदाच त्या रात्री मोकळेपणानं रडलो.

सकाळी काका तंबूच्या दोऱ्या सोडवत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "येजो एकदा घरी. तुह्या काकूले बी करून दाखव."

उद्या जातोय. काकूंसमोर उभं राहायची हिंमत होईल की नाही, माहीत नाही. पण मित्राची एवढीच एक गोष्ट माझ्याजवळ उरली आहे, आणि ती मुळात त्यांच्या घरची आहे... नेऊन द्यायलाच हवी.