यशाचा कोट

चिमटाकाकूंनी कोट दोरीवरून काढला, झटकला, दोन्ही बाह्या धरून ताणला, पण तो काही केल्या मोठा होईना. आत दूध उतू जायच्या बेतात होतं, नवरा तोंडाला साबण फासून चष्मा शोधत होता, आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. समोरच्या कॉलेजचं दरवर्षी एक पत्रक निघे. प्राध्यापक असो, विद्यार्थी असो की माजी विद्यार्थी, ज्यानं काही मिळवलं त्याचा फोटो इथंच निघायचा. यश म्हटलं की कोट हवाच, हे नवऱ्याचं ठाम मत. आणि कोट एकच, त्याच्या लग्नातला. “पोरगा अजून भरेल,” म्हणून सासऱ्यांनी तो चांगला ऐसपैस शिवून घेतला होता. पोरगा भरला नाही, कोट मात्र कॉलेजच्या कामी आला. तो ज्याच्या त्याच्या अंगावर घालायचा आणि पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून बेताचा करायचा, हे काम काकूंचं. नाव पडलं ते त्यावरूनच. एकदा बाहेरच्या पाहुण्यांनी पत्रक चाळून विचारलं होतं, “तुमच्याकडे सगळी बक्षिसं एकाच माणसाला मिळतात का हो?”

परवा तलवारबाजीचं पदक मिळवलेल्या मुलीनं कोट घातला आणि नाक मुरडलं. “काकू, याला गणिताच्या सरांचा वास येतोय.” काकूंना ते लागलं. त्यांनी कोट कढत पाण्यात भिजवला आणि मनसोक्त बडवून धुतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दारात प्राणिशास्त्राचे सर उभे होते. माणूस दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हावा, असा देह. हातात झाकणाला भोकं पाडलेली काचेची बरणी.

“वहिनी, गोगलगायीवरच्या कामाला बक्षीस मिळालं. पत्रक आजच छापायला जातंय. तेवढा फोटो काढून घ्यायचा होता.”

“या, या,” नवरा साबण पुसत आला. “अगं, कोट आण.”

काकूंनी निमूटपणे आणला. सरांचा एक हात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच अडकला.

“सर, तुम्ही सुटलात की काय?” नवरा म्हणाला.

“मी होतो तेवढाच आहे.”

“कोट आटलाय,” काकू म्हणाल्या. “मी धुतला.”

“धुतला?” नवरा स्टुलावर बसला. “विचारायचं तरी.”

“इतकी वर्षं वास येत होता, तेव्हा तुम्ही कधी विचारलंत, धुवायचा का म्हणून?”

खरं तर काकू त्याच कॉलेजच्या पदवीधर. पदवीदानाला कॉलेजनं एक नवशिका फोटोग्राफर बोलावला होता. बाकीच्यांचे फोटो बरे आले, हिचे तेवढे डोळे मिटलेले. “पुन्हा काढून देतो,” हे सांगायला तो घरी आला, मग येतच राहिला, आणि प्रकरण लग्नापर्यंत गेलं. लग्नात फोटोग्राफरच बोहल्यावर, मग फोटो काढणार कोण? पुढे रोज गिऱ्हाईक आधी, घरच्या माणसाचा फोटो काय, कधीही काढता येईल. त्या कधीहीची वाट बघण्यात काकूंचे केस पांढरे झाले. पत्रकात त्या एकदाच झळकल्या होत्या: उपप्राचार्यांच्या खांद्यामागून चार बोटं.

“कोटाशिवाय हे यश वाटेल का?” नवरा पुटपुटला.

“ज्यांच्यामुळे बक्षीस मिळालं, त्यांच्या अंगावर कुठं कोट असतो?” काकू म्हणाल्या. “सर, बरणी उघडा.”

सरांनी कोपरात अडकलेला कोट सोडवून काकूंच्या हाती दिला आणि गोगलगाय अलगद खांद्यावर ठेवली. ती कॉलरच्या दिशेनं निघाली, मानेला लागली, आणि गुदगुल्या होऊन सर हसले. आजवर या खोलीत एकही प्राध्यापक हसला नव्हता. चिमटे पाठीत रुतत असल्यावर कोण हसेल? नवऱ्यानं बटण दाबलं. त्यानं फोटो दोनदा बघितला. मग म्हणाला, “चांगला आलाय.”

सर गोगलगायीला बरणीत घालून गेले. नवरा दिवे मालवायला उठला आणि वळून बघतो तर काकूंनी तो कोट साडीवर चढवला होता. खांदे खांद्यावर, बाह्या मनगटावर, गुंडीही आपसूक लागली.

“अगं, काढून ठेव. चुरगळेल.”

“चुरगळू दे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पाठी आवळल्या, आज बिनचिमट्याचा बसलाय.”

“मग? आता काय करायचंय त्याचं?”

काकू पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसल्या, पदर सारखा केला, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, “माझा एक फोटो काढा. डोळे उघडे असताना.”