पार्किंगमधली केळ

सासूबाई गेल्यावर माझे सासरे, आबा, रावेरकडचं गाव सोडून जळगावला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आले म्हणजे नवऱ्याने आणले. पहिल्याच दिवशी गॅलरीतल्या माझ्या मनी प्लँटकडे बघून त्यांनी विचारलं, हे काय देतं? मी म्हटलं, शोभा. त्यांनी एक पान उलटं करून बघितलं आणि आत निघून गेले. माझ्या हातून तुळससुद्धा जगत नाही, दोन वाळवल्यात. मनी प्लँट मरत नाही, एवढाच त्याचा गुण.

आबांचं मन काही रमेना. रोज गावाला जायचं टुमणं. तिथे एकटा म्हातारा, रांधायला कोणी नाही, बीपीची गोळी हमखास विसरणार. मी दर वेळी विषय बदलायची. एकदा गेलेच, आणि येताना पिशवीतून केळीचा कंद घेऊन आले. पार्किंगच्या कडेला, गाड्या धुतलेलं पाणी मुरतं तिथे तो लावला आणि जाहीर केलं, घड उतरेपर्यंत राहतो, मग मला अडवायचं नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना ती जागा दुसऱ्या स्कूटरसाठी हवी होती. पण ते केळ उपटायला निघाले तोवर तळमजल्यावरच्या काकूंनी तिची गुरुवारची पूजा सुरू केली होती. हळदीचं पाणी, चण्याची डाळ, धागे. आता हात कोण लावणार? सेक्रेटरींनी स्कूटर तिला खेटून लावली. आबांना मात्र या भक्तीचा वैताग. डाळीने उंदीर येतात म्हणायचे. बुडाशी पील, म्हणजे नवा कोंब, फुटला की विळ्याने खच्चकन उडवायचे. काकू कळवळायच्या, बाळ आहे हो ते. आईचं खाणं ओरबाडणारं कसलं बाळ, असं आबांचं उत्तर ठरलेलं.

घड लोंबला आणि अख्खी बिल्डिंग खूश झाली, मी सोडून. मला घड नको होता, आबा हवे होते. पण सासऱ्यावर जीव आहे असं सून म्हणाली, की लोक आधी शेत किती आहे ते विचारतात.

घड उतरवायच्या सकाळी आबांची पिशवी दाराशी भरून तयार. मी खाली गेले तर घडापाठोपाठ त्यांनी झाडही आडवं केलेलं. एकदा व्यायलेली केळ पुन्हा घड देत नाही, शेतात कापतातच. पण काकूंना वाटलं, देवच कापला. त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. त्यांच्या आडोशाने मीही रडून घेतलं.

डोळे पुसताना दिसलं, स्कूटरच्या आड गुडघ्याएवढं एक पील उभं होतं.

"आबा, हे कापायचं राहिलं."

"राह्यलं नाही, ठेवलं. पुढचा घड यालेच लागणार." विळा पुसत त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाणी टाकशीन का तू याले?"

मी छातीठोकपणे सांगितलं, दोन तुळशी वाळवलेली बाई आहे मी, माझ्या भरवशावर अजिबात राहू नका. आणि वर जाऊन त्यांची पिशवी रिकामी केली.