प्रार्थनेचा विषय

आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी घरप्रार्थना असते. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. अमरावतीत आमच्या भागात ख्रिस्ती घरं थोडी, त्यामुळे पाळीपाळीने प्रत्येकाकडे सतरंजी अंथरली जाते. दोन गीतं होतात, बायबलमधून शास्त्रवाचन होतं आणि मग जो कोणी चालवत असेल तो विचारतो, "प्रार्थनेचे विषय सांगा." लहानपणी मला बुधवारातलं एवढंच आवडायचं. कुणाचे गुडघे, कुणाच्या जावयाची बदली, कुणाच्या पोराचा गणिताचा पेपर, एकदा तर हरवलेली शेळी. सांगून झाले की विषय वाटले जायचे, "गुडघे तुम्ही घ्या, बदली मी घेतो," आणि ज्याच्या वाट्याला जे आलं त्यासाठी त्याने मोठ्याने प्रार्थना करायची. माझ्या वाट्याला कधी काही आलं, तर मी एकच पाठ केलेलं वाक्य म्हणायची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि एरवीही चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. शेळीलाही तेच वाक्य आणि गुडघ्यांनाही.

मागच्या हिवाळ्यात मला कळलं की आता मी स्वतःच एक विषय आहे. अमरावतीच्या घराशेजारच्या आँटींचा मला अकोल्याला फोन आला. त्या मंडळीतल्या बायकांच्या प्रार्थनागटाच्या प्रमुख आहेत.

"बेटा, जेवली का?"

"हो आँटी."

"तुझ्यासाठी करून राहिलो बरं आमी. जोरात चालू आहे."

"काय चालू आहे?"

"प्रार्थना! दर बुधवारी तुझा विषय असते. आन् कसं होते कोणास ठाऊक, तो मलेच भेटते. मी म्हटलं तुझ्या आईले, बाई, मले एखाद्या वेळी गुडघे दे, तुझी पोट्टी लय अवघड आहे."

मी हसले. मग त्यांचा सूर उतरला. "आईच्या कानाचंही पाह्य जरा. टीव्ही इतका मोठा लावते का आमच्या घरात बातम्या ऐकू येतात. तू कानाचीच डॉक्टर आहे ना?"

मी डॉक्टर नाही. अकोल्यात एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी लोकांची श्रवणचाचणी घेते. पण आँटींच्या बोलण्यातलं मला लागलं ते वेगळंच. चर्च सोडून मला तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि आईला मी ते सांगितलं नव्हतं. "रविवारी ड्युटी असते," एवढंच सांगायची. तिला कळलं असेल, तर ती फोनवर रोज भाजीचं, पाण्याचं, चर्चच्या पाळकसाहेबांच्या नव्या गाडीचं बोलते, ते सगळं ही एवढी गोष्ट ओलांडून कसं बोलते? आणि मी काय बोलते?

चर्च सोडण्यामागे मोठं काही घडलं नव्हतं. नोकरीसाठी अकोल्याला आले तेव्हा सुरुवातीचे रविवार इथल्या चर्चला गेलेही. मग एका रविवारी केस धुतले, पायरीवर वाळवत बसले आणि उपासनेची वेळ टळून गेली. मी बसूनच राहिले. काय होतं ते बघू, असं वाटत होतं. वरच्या टाकीत पाणी भरत होतं, ते वाहायला लागलं, घरमालकीणबाईंनी मोटर बंद केली. भीती वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तशी ती आली नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथेच बसले, या वेळी केस कोरडे होते.

गंमत म्हणजे चर्च सुटलं तरी प्रार्थनेची सवय सुटली नाही. रस्ता ओलांडताना, डॉक्टरांनी आत बोलावलं की, फोन वाजला की मनात आपोआप वाक्य सुरू व्हायचं. आधी मी ते दाबायची. मग वाटलं, कशाला दाबायचं, ऐकावं तरी आतली ही बाई मागते काय. दुपारी पेशंट संपले की मी चाचणीच्या केबिनमध्ये दार लावून बसू लागले. आवाज बाहेरचा आत येऊ नये म्हणून त्या केबिनला जाड अस्तर असतं. आत बसलं की पहिल्यांदा स्वतःचं पोट ऐकू येतं, मग मानेची करकर, मग कानाशी रक्ताचं बारीक वाहणं. त्यामागून वाक्यं येतात. माझी बहुतेक एकाच घराण्यातली निघाली. ते रागवायला नकोत. मला उभं करायला नको. कुणी काही विचारायला नको. माझ्यासाठीची ही वाक्यं इंग्रजीत होती आणि दुसऱ्यांसाठीची मराठीत, हेही मला तिथेच कळलं. देवाची भीती त्यांत कुठेच नव्हती. भीती सगळी माणसांची होती, देव फक्त मध्ये उभा केलेला होता.

त्याच सुमारास बाळापूरकडची एक आजी सुनेला घेऊन आली.

"त्याईले सगळं ऐकू येते मॅडम," सून म्हणाली. "फक्त भांडे घासा म्हटलं का नाही येत."

"काय म्हणून राहिली ते?" आजीने मला विचारलं.

आमची चाचणी साधी असते. पेशंट हेडफोन लावून केबिनमध्ये बसतो, मी काचेबाहेरून आवाज सोडते, दर वेळी थोडा बारीक करत नेते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मध्येमध्ये मी मुद्दाम काहीच सोडत नाही. त्या रिकाम्या जागेतही आजी दाबत होत्या. मी पुन्हा थांबले. पुन्हा बटण. दार उघडून विचारलं, "आजी, आत्ता आवाज आला?"

"आला ना."

"कसा होता?"

त्यांनी जरा विचार केला. "लय बारीक. दूर कोणी विहिरीत बालटी सोडली ना, तसा."

त्या खोटं बोलत नव्हत्या. असे पेशंट आम्हाला नेहमी भेटतात. काहींना नापास व्हायची भीती असते, काहींना मला खूश करायचं असतं, आणि काहींना खरोखरच ऐकू येतं. आपण पुन्हा समजावून सांगायचं, पुन्हा सुरुवात करायची. पण त्या दिवशी मला शाळेत असतानाचं चिखलदऱ्याचं उन्हाळी शिबिर आठवलं. शेवटच्या संध्याकाळी उपदेशकांनी विचारलं होतं, ज्यांना प्रभूची वाणी ऐकू आली त्यांनी हात वर करा. मी केला होता. कसा होता आवाज? आजीला विचारलेला प्रश्न मी मला विचारला, तर माझ्याकडे बालटीसुद्धा नव्हती. डावीकडच्या मुलीचा हात वर होता आणि उजवीकडच्या मुलीचाही, एवढंच आठवत होतं. वाईट वाटलं नाही. उलट उत्सुकता वाटली, की अजून कुठे कुठे माझा हात असाच वर असेल.

तर आँटींच्या फोननंतर मी आईला अकोल्याला बोलावलं. अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवरून गाडीत बसून ती सकाळीच आली. सोबत डबा, स्वतःची उशी आणि मेथीच्या दोन जुड्या, जणू अकोल्यात मेथी मिळतच नाही. दवाखान्यात हेडफोन लावताना तिने केस सारखे केले.

"कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाब," मी सांगितलं.

खरं सांगायचं तर मी मनात निकाल लावूनच ठेवला होता. आई रिकाम्या जागेत दाबणार. आयुष्यभर रोज पहाटे न दिसणाऱ्याशी बोलणारी बाई, ती न आलेला आवाज ऐकणार नाही तर कोण ऐकेल?

तिने एकदाही दाबलं नाही. मी लांबच लांब शांतता सोडली, आई अंगठा उचलून बसून राहिली. आवाज सोडले तरी ती थांबायची. तिचे डोळे हलायचे, म्हणजे काहीतरी पोचलं होतं, पण अंगठा खाली येत नसे. आवाज चांगला मोठा झाला की मगच दाबायची. या हिशेबाने तिचे कान होते त्याहून वाईट निघाले असते. मी आत गेले.

"आई, आल्यासारखा वाटला तरी दाब."

"वाटून कसं चालीन? खात्री पायजे ना. मी उगाच खोटं काहून दाबू?"

मी बाहेर येऊन बसले आणि यंत्राला हात लावण्याआधी तिच्याकडे पाहिलं. जिला मी पूर्ण ओळखते असं धरून चालले होते, ती काचेपलीकडे सरळ पाठीने बसली होती आणि मी तिला ओळखत नव्हते.

दुसऱ्यांदा समजावल्यावर चाचणी नीट झाली. डाव्या कानाचे बारीक, उंच आवाज गेले होते. डॉक्टरांनी मशीन लावायला सुचवलं. आई म्हणाली, "म्हणजे मागच्या बाकावरच्या बाया कुजबुज करतात ते मले ऐकू येत नाही. बरंच आहे की."

संध्याकाळी माझ्या खोलीवर मी नको म्हणत असताना ती स्वयंपाकाला लागली. मी मेथी निवडायला बसले आणि तिच्या उजव्या बाजूला सरकून विचारलं, "आई, प्रार्थना करताना तुला काही ऐकू येतं का? उत्तर वगैरे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी टोमणा मारते आहे का, ते ती बघत होती.

"खरंच विचारते आहे," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही आलं."

"कधीच?"

"बाकीच्या बाया साक्ष देतात, देवानं मले असं सांगतलं, तसं सांगतलं. मले आधी वाटे, आपल्यातच काही कमी आहे. मंग ते वाटणं सोडून देल्लं. मी आपली बोलते. त्यानं बोललंच पायजे असं थोडीच आहे?"

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर बुधवारमागून बुधवार असेच जातील.

"आई, मी चर्चला जात नाही. रविवारी ड्युटी नसते मला."

"वाचलं ना मी. दवाखान्याच्या पाटीवरच लिहून आहे तुमच्या, रविवारी बंद."

मला हसू आलं. "म्हणजे तुला आजच कळलं?"

"पाटी आज वाचली. माहीत लय दिवसांपासून होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं त तू आणखी एक खोटं बोलली असती. ते तुलेच सांभाळत बसावं लागलं असतं."

आता मला राग आला. "मला नाही विचारलंस, पण अख्ख्या मंडळीला सांगितलंस. दर बुधवारी!"

"काय सांगतलं? 'पोरीसाठी करा,' इतकंच. काय झालं ते कोणाले नाही सांगतलं." ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले. "तुझे बाबा गेल्यापासून त्या घरात तुझं नाव घ्यायले कोण आहे? बुधवारी कोणीतरी मोठ्यानं घेते. बरं वाटते ऐकायले." मग म्हणाली, "ऐकू येते तेवढं."

मी मेथीच्या काड्या एकीकडे करत राहिले.

"मंग प्रार्थना नाही, त भेव वाटते तवा तू काय करतं?" तिने विचारलं. आवाजात परीक्षा नव्हती. तिला जाणून घ्यायचं होतं.

मी सांगितलं. केबिनमध्ये बसते, दार लावून.

"काही न करता खालीच बसतं?"

"नुसती बसते."

"आन् काय होते?"

"आधी पोटातलं गुरगुरणं ऐकू येतं."

आई खळखळून हसली. मग मी तिला उरलेलंही सांगितलं. मी काय काय मागायची ते, माणसांच्या भीतीचं, आणि अलीकडे कधीकधी आत कोणीच बोलत नाही तेव्हा कसं बरं वाटतं तेही. एवढं सलग मी तिच्याशी याआधी कधी बोलले असेन, आठवत नाही. तिने मध्ये तोडलं नाही.

"मले वाईट वाटते," शेवटी ती म्हणाली. "सांगून ठेवते. ते काही जाणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

पोळ्या झाल्या. आम्ही खाली ताटं घेतली. आईने हात जोडून डोळे मिटले. सवयीने माझी मान खाली गेली, मग मी ती वर केली आणि डोळे उघडेच ठेवले. इतक्या वर्षांत मी तिचा प्रार्थना करतानाचा चेहरा पाहिलाच नव्हता, तेव्हा माझेही डोळे मिटलेले असत. तो शांत वगैरे असेल असं मला वाटायचं. तसा तो नव्हता. भुवया जवळ आल्या होत्या, ओठ भराभर हलत होते. मध्येच तिने मान हलवली, समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की हलवते तशी. ती वाद घालत होती. मग कपाळ हळूहळू सैल झालं, पण पूर्ण नाही.

"आमेन," ती म्हणाली आणि डोळे उघडले. "पाहून काय राहिली? वरण थंडं होऊन राहिलं."

"काय मागितलंस?"

"ते माह्यं आहे," आई म्हणाली. "तू पोळी घे."