बिनशिट्टीचा कुकर

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साठतातच. एक लेथखालचा लोखंडाचा कीस, आणि दुसरे किस्से! कीस निदान शनिवारी भंगारवाला पोत्यात भरून नेतो. किस्से कोण नेणार? ते जेवणाच्या सुट्टीत आमच्याच डब्यांभोवती फिरत राहतात. त्यातले निम्मे एकाच भांड्याचे आहेत. आज तेवढेच सांगते.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे सुटे भाग करतो. सगळी मिळून चौदा माणसं. मी क्वालिटीत, म्हणजे माल पास किंवा नापास करणारी. त्यामुळे माझ्यावर कुणाचं फारसं प्रेम नाही!

आमच्या साहेबांची मुलगी गौरी इटलीत शिकते, तोरीनोला. एकदा सुट्टीला आली ती आईसाठी स्लो कुकर घेऊनच. जड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण. सकाळी सगळं आत टाकायचं आणि विसरून जायचं, दुपारी जेवण तयार. आईला स्वयंपाकघरातून जरा सुट्टी मिळावी, एवढाच तिचा हेतू.

वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, मूळच्या वाईच्या. त्यांनी भांडं फिरवून फिरवून पाहिलं.

"आमटीला किती वेळ लागेल?"

"सहा तास, आई."

"सहा तास? तेवढ्यात मी माहेरी जाऊन येईन आणि वर आमटी करीन!"

दुसऱ्या दिवशी साहेब भांडं काखेत मारून वर्कशॉपमध्ये हजर. वायरमनने प्लग बदलला आणि स्टोअरमध्ये अण्णांच्या टेबलावर त्याची स्थापना झाली. अण्णा आमचे स्टोअरकीपर. कुंडलचे. बावीस वर्षं फौजेत काढली, मग आमच्याकडे आले. पहाटे पाचला घर सोडायचे, पण एक दिवस उशीर नाही.

* * *

पहिला पदार्थ ठरला 'मिनेस्त्रोने', एक इटालियन सूप. गौरीने परत गेल्यावर फोनवरून सांगितला. भाज्या, टोमॅटो, राजमा, सगळं एकत्र. साहेब म्हणाले, "म्हणजे भोगीची भाजी, पातळ केलेली." राजमा पॅकिंगमधल्या शोभाताईंनी घरून भिजवून, चांगला उकळून आणला. बाकीचं चिरून आठ वाजता आत टाकलं आणि बटण फिरवलं.

अण्णांना काही चैन पडेना.

"शिट्टी न्हाई, वाफ न्हाई, आवाज न्हाई. ह्ये शिजतंय का झोपलंय?"

दर दहा मिनिटांनी ते झाकण उचलून बघायचे. एक वाजता आम्ही ताटं घेऊन बसलो, तर गाजर दातांनी कडकड वाजतंय! गौरीला फोन लावला. ती म्हणाली, "झाकण एकदा उघडलं की वीस मिनिटं वाढतात. किती वेळा उघडलं?"

अण्णा छताकडे बघत म्हणाले, "मोजलं न्हाई."

साहेबांनी हिशेब केला. "या वेगाने आपण परवा जेवू!"

त्या दिवशी सगळ्यांनी वडापाव आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं लावलं आणि मी झाकणावर लाल चिठ्ठी चिकटवली. खराब मालावर लावतो तीच, 'होल्ड', खाली माझी सही. त्या चिठ्ठीला आमच्याकडे साहेबही हात लावत नाहीत. एक वाजता मी चिठ्ठी काढली. वास स्टोअरमधून थेट गेटपर्यंत गेला. अण्णांनी पहिला चमचा घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ताई, पास!"

* * *

मग पोलेंताची पाळी आली. गौरी फोनवर रंगून सांगत होती. उत्तर इटलीतल्या डोंगराळ भागातलं हे खाणं, मक्याचा रवा, हळूहळू शिजवायचा, मऊ होईपर्यंत, थंडीत लोक चुलीभोवती बसून खातात. आम्ही सगळे माना डोलावत होतो.

शोभाताईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे मक्याच्या कण्या व्हय?"

गौरी म्हणाली, "हो मावशी. कण्याच."

 दुसऱ्या दिवशी शोभाताईंनी स्वतःच मका जाडसर दळून आणला, शिजत लावला, आणि कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी वाटीत घेतला, वर तुपाची धार आणि किसलेलं चीज. पहिला घास घेतला आणि त्यांना ठसकाच लागला. मी पाणी दिलं.

म्हणाल्या, "माझी आई रोज करायची. घरात जवारी नसायची तवा. पावणं आलं की भांडं झाकून आत ठिवायची. लाज वाटायची तिला."

 अण्णांनी आपली वाटी पुढे केली. "अजून वाढा की, शोभाताई. पावणाच हाय मी."

त्यांनी वाढलं. काठोकाठ. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आईला इटलीचं नाव ठावं असतं तर पाटावर बसवून वाढलं असतं तिनं!"

* * *

एका बुधवारी मटणाचा रागू लावला होता. रागू म्हणजे खिमा आणि टोमॅटोचा दाट रस्सा, शेवयांसारख्या पास्त्यावर घालून खातात. अकरा वाजता लाईट गेली. आमच्याकडे जनरेटर नाही. समोरच्या वर्कशॉपमध्ये आहे. पण समोरचे मालक आणि आमचे साहेब गटारीच्या पाण्यावरून भांडलेले, दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

अर्धा तास वाट पाहिली. मग अण्णा उठले. भांडं टॉवेलात गुंडाळलं, बाळाला घ्यावं तसं छातीशी धरलं, आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या मालकाच्या केबिनमध्ये! साहेब दारात उभे राहून ओरडत होते, "अण्णा, परत या! नाक कापताय माझं!"

अण्णा वळलेसुद्धा नाहीत.

आत काय बोलणं झालं ते आम्हाला आजही ठाऊक नाही. अण्णा रिकाम्या हाताने परत आले आणि स्टोअरमध्ये जाऊन बसले.

दोन वाजता समोरचे मालक स्वतः आले. दोन्ही हातांत भांडं, घामाघूम. साहेब खुर्चीतून उठले. समोरचे मालक म्हणाले,

"तुमच्या ह्या भांड्यानं आज माझ्याकडं कुणाला काम करू दिलं न्हाई. नुसता वास घेत बसल्यात सगळी."

साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पहिलं ताट तुमचं."

मालक बसले. जेवता जेवता म्हणाले, "ती गटार... मी बघतो."

साहेब म्हणाले, "आधी पास्ता घ्या. गार होतोय!"

* * *

आमच्या हातून एक गुन्हाही घडला. शोभाताईंनी रागूत दोन चमचे कांदा-लसूण मसाला टाकला. आम्हाला तो इतका आवडला की आम्ही गौरीला व्हिडिओ कॉल करून दाखवला. तिच्याजवळ तिची घरमालकीण बसली होती, सत्तरीची बाई. गौरीने तिला सगळं समजावलं. बाईंचे हात हवेत गेले, आवाज चढला, पाच मिनिटं थांबेचनात. आम्ही घाबरून उभे!

"काय म्हणतायत गं?" साहेबांनी विचारलं.

गौरी हसू दाबत म्हणाली, "म्हणतायत, हे अत्यंत चूक आहे. मसाला पार्सलने पाठवा!"

* * *

गेल्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. निरोपाला घड्याळ द्यावं की शाल, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी साहेबांनी भांडंच त्यांच्या हातात दिलं.  अण्णा फौजेतल्यासारखे ताठ उभे राहिले, एवढंच.

महिन्याभराने मी आणि शोभाताई कुंडलला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. अण्णांची बायको, काकू, पुढच्या सोप्यात पोत्यावर बसून शेंगा फोडत होत्या. शेजारी स्टुलावर भांडं, आणि त्याच्या शेजारी पोत्यावरच मांडी घालून अण्णा. तेही शेंगा फोडत होते.

"अण्णा, भांड्याची राखण करताय?" मी विचारलं. "ते आपलं आपण शिजतं की!"

"न्हाई ताई. गावात लाईटीचा भरवसा न्हाई. माणूस जवळ पायजे. सा तास तर लागत्यात."

"रोज असंच बसत्यात," काकू म्हणाल्या. "सकाळच्याला जे बसत्यात, ते जेवणालाच उठत्यात."

आम्हीही शेंगा फोडायला बसलो. त्या दोघांचं बोलणं मधेच थांबायचं, मधेच सुरू व्हायचं. काकू सांगत होत्या, थोरल्याच्या बारशाला काय झालं, विहिरीला पाणी लागलं तेव्हा कोण कोण आलं होतं. अण्णा तेव्हा फौजेत, म्हणून एकेक गोष्ट नव्याने ऐकत होते. "व्हय? आन मग?"

दोन वाजता जेवायला बसलो. टोमॅटोत शिजवलेला राजमा, बरोबर भाकरी. अण्णांनी आधी काकूंना वाढलं आणि वाट बघत उभे राहिले.

"कसं झालंय?"

काकूंनी घास संपवला. "खरं सांगू? पयल्या दिसापासनं मला ह्ये आवडलंच न्हाई. लय पानचट लागतंय. ना तिखाट, ना चव."

अण्णांचा चेहरा पडला. "आगं, मग महिनाभर बोलली का न्हाईस? उद्यापासनं बंद करतो."

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली बघत म्हणाल्या,

"बंद कशाला? उद्या बी लावा. जरा लवकरच लावा!"