गाळलेलं वजाचं चिन्ह

वजाचं चिन्ह गाळलं मी. आणि ते गाळल्याचं कळल्यावरही तीन आठवडे गप्प बसलो. पहिली चूक कुणाचीही होऊ शकते. दुसरी माझी एकट्याची.

मी वणीकडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पीएच.डी. करणारी माझी एकच विद्यार्थिनी, झरी जामणीची. आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानाने किंचित वाकतो, त्यामुळे त्यांचे आकार ताणलेले दिसतात. लाखो आकार मोजले की वाटेतलं वस्तुमान कळतं. पण काही दीर्घिका मुळातच शेजारच्या वस्तुमानाच्या ओढीने त्याच्याकडे कललेल्या असतात. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीची काच जुनी, लाटा पडलेली. तिच्यातून बाहेरची सगळी तूर वाकडी दिसते. बांधावरची मात्र वाऱ्याने खरंच वाकलेली. काचेचं वाकणं कुठलं आणि तुरीचं कुठलं, हे वेगळं काढायचं गणित मी लिहिलं होतं. दीर्घिकांत ही दोन वाकणी एकमेकांच्या उलट असतात, म्हणून दुसरं वजा करायचं. मी ते बेरजेत मिळवलं.

माझं गणित वापरून तिचं उत्तर उलटं आलं. लाल, जुन्या दीर्घिका वस्तुमानाकडे कलण्याऐवजी त्याला आडव्या. एम.एस्सी.च्या पोरांसमोर मी तिला विचारलं, मोजताना डुलक्या घेत होतीस का. पोरं हसली. तिने पुन्हा मोजलं, मग पुन्हा. त्यात आठ महिने गेले.

“सर, तिसऱ्यांदा मोजलं. तेच येऊन राह्यलं.”

मी म्हणालो, चौथ्यांदा मोज.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या प्रबंधाचा मसुदा चाळताना माझ्या गणितातली ती चुकलेली ओळ दिसली. मी फाईल बंद केली. हे गणित आपलं, असं मी चारचौघांत मिरवून बसलो होतो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. कॉलेज उघडलं, ती समोर येऊन बसायची, आणि मी तिला चहा घेतेस का विचारायचो.

मग एका सोमवारी एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल चालू असताना ती अर्ज घेऊन आली. लाल दीर्घिकांचं अख्खं प्रकरण प्रबंधातून वगळायचं होतं, त्यावर माझी सही हवी होती. दुपारी अर्ज विद्यापीठात जाणार होता.

“काढूनच टाकू ते, सर. माया मोजण्यावर मायाच भरोसा नाही राह्यला.”

मी पेनाचं टोपण काढलं. सही केली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. तिचं खरं मोजमाप तिच्याच हाताने कचऱ्यात गेलं असतं. मी पेन ठेवलं, फळ्यावर ती ओळ लिहिली आणि अधिक पुसून वजा केलं. पोरांचे हात थांबले. ती फळ्याजवळ आली.

“कधी दिसलं तुमाले?”

आज, असं म्हणता आलं असतं. जीभ तिकडे वळलीही होती.

“तीन आठवडे झाले,” मी म्हणालो. “तुझं मोजणं दर वेळी बरोबर होतं. चूक माही, अन् लपवली बी मीच. मले माफ कर.”