नदीपर्यंत नेलेली बारीक तार

गुरुवार, १४ मार्च २०२४. सकाळी गॅस सिलिंडर आलं. दुपारी एसटीने सिद्धेश्वरला, भिवाजीभाऊजींच्या वावरात. त्यांच्या मोटरला नवी केबल टाकली.

रोजनिशीत इथवर लिहून नीलाबाईंचं पेन थांबलं.

भिवाजी त्यांचा धाकटा दीर. यजमान थावरा हिंगोलीत मोटरी भरायचे. जळलेलं वायंडिंग काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, हाच जन्मभराचा धंदा. हाताला यश होतं. मात्र दुकान सोडून ते कधी कुणाच्या वावरात गेले नाहीत. मोटर दुकानात यायची, भरून तिथेच चालवून बघायची, गिऱ्हाइकाने न्यायची.

विहीर आटली तसं भिवाजीने मोटर नदीकाठी नेली. त्याच हंगामात ती जळली. भावाने भरून दिली, पुन्हा जळली. पुन्हा भरली, पुन्हा तेच. दुकानात मात्र बिनतक्रार फिरायची. थावरांनी चारचौघांत सुनावलं, की तुला मोटर चालवायची अक्कल न्हाई. भिवाजी कसला ऐकतो!

"सख्ख्या भावाला हलकं तांबं घालून राहिला, अन् अक्कल मला शिकवतो?"

थावरांनी त्या दिवसापासून भावाचं नाव टाकलं. सणालाही गावाकडे, तांड्यावरच्या घरी पाय ठेवला नाही. मागच्या वर्षी गेले, ते तो शब्द उरात घेऊनच. भिवाजी मातीला आला, कडेला उभा राहिला आणि परतला.

तो शब्द त्याने मागे घ्यावा, एवढ्यासाठी नीलाबाई आज न बोलावता गेल्या होत्या. वावरात पोचल्या तर वायरमन योगेश जुनी तार गुंडाळत होता. विहिरीपुरती ही ठीक होती, तो भिवाजीला सांगत होता, पण तुमी हीच बारीक तार जोडत जोडत नदीपर्यंत नेली. तार लांबली की विजेला अडथळा वाढतो, बारीक असली तर आणखीनच. निम्मा जोर वाटेतच जिरतो, मोटर कण्हत जास्त करंट ओढते आणि जळते. दुकानात विजेची डीपी शेजारी, तार हातभर; तिथे हे कळणार कसं?

भिवाजी बांधावर बसला. "म्हंजी दादानं तांबं बराबर घातलं व्हतं?"

"तांब्याचा काय दोष, काका? कुणीबी भरली असती तरी जळलीच असती."

भिवाजीने बांधावरचं एक ढेकूळ उचलून कुस्करलं. मग म्हणाला, "वहिनी, दादा एक डाव वावरात आला असता तर..."

"तुम्ही बोलावलं असतं, तर आले असते."

बोलून गेल्या खऱ्या, पण जीभ चावली. एकदा जाऊन तरी बघा, असं त्या स्वतः यजमानांना कुठे म्हणाल्या होत्या? जे ऐकायला आल्या ते ऐकलं होतं. ज्यांनी ऐकायचं ते मात्र नव्हते.

निघताना जावेने गेल्या सालच्या दळलेल्या हळदीची पुडी हातात दिली. भिवाजी फाट्यापर्यंत सोडायला आला.

रात्री जेवण झाल्यावर नीलाबाईंनी पेन पुन्हा उचललं. "वरणात भाऊजींकडची हळद घातली. जरा जास्त पडली."